फलकावर तारीख लिहिण्याआधी: कॉलेजच्या मंडळाचे सत्रभराचे कार्यक्रम कसे आखावेत

मुंबईतल्या कॉलेजात मंडळाचा कार्यक्रम पडला की कारण म्हणून पैसे पुढे केले जातात. खोलात गेलं तर बहुतेक वेळा तारीख चुकलेली असते: त्याच दिवशी अंतर्गत परीक्षा, शेजारच्या कॉलेजचा फेस्ट, सभागृहात प्रवेशप्रक्रियेची टेबलं, नाहीतर रविवारचा लोकलचा मेगाब्लॉक. वाङ्मय मंडळ असो, नाट्यमंडळ असो की निसर्ग मंडळ, जुलैत फलकावर लागणारी ‘आगामी कार्यक्रम’ची यादी जितकी लांब, तितके त्यातले जास्त कार्यक्रम खोडावे लागतात. आणि दोन कार्यक्रम खोडले की तिसऱ्याला मुलं येत नाहीत. म्हणून तारीख ठरवण्याला सगळ्यात जास्त वेळ द्या आणि ती फलकावर सगळ्यात शेवटी लिहा.

आधी यादी कापा

एका सत्रात एक मोठा आणि दोन लहान कार्यक्रम पुरेत. मोठा म्हणजे ज्याला सभागृह, बाहेरचा पाहुणा किंवा बाहेरच्या कॉलेजांतली मुलं लागतात. लहान म्हणजे एका वर्गात, चाळीस-पन्नास जणांत, माइकशिवाय होणारा. मोठ्या कार्यक्रमाला प्रत्यक्ष दिवशी आठ जण लागतात: दारावर दोघं, मंचाजवळ एक, ध्वनीजवळ एक, पाहुण्यांबरोबर एक, सूत्रसंचालक, चहापाण्याला एक आणि कुठल्याही कामाला न बांधलेला एक. हा शेवटचा चैनीचा वाटतो, पण किल्ली आणायला, पाहुण्यांना गेटवरून आणायला आणि संपलेले सेल बदलायला तोच धावतो. आठ जण हवे असतील तर कार्यकारिणी बारा-तेराची हवी, कारण त्या दिवशी कुणाचं प्रॅक्टिकल असतं, कुणी आजारी पडतं आणि कुणी ऐनवेळी दुसऱ्या कॉलेजच्या स्पर्धेला पळतं.

लहान कार्यक्रमांना दुय्यम समजू नका. कथेचं अभिवाचन, एका पुस्तकावर चर्चा, ग्रंथालयातल्या जुन्या अंकांचं प्रदर्शन: यांना खर्च जवळपास शून्य आणि परवानगी एका सहीची. नवी मुलं मंडळाला चिकटतात ती इथेच, कारण मोठ्या कार्यक्रमात त्यांच्या वाट्याला खुर्च्या उचलणं येतं. पहिला कार्यक्रम एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) स्वागताचा ठेवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. नवख्यांना मंचावर बोलावून ‘गाणं म्हण, नाच कर’ हा प्रकार गमतीचा वाटला तरी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांत बसू शकतो. ज्याला हवं त्याने आधी नाव द्यावं, आयत्या वेळी कुणालाही ओढू नये.

तारीख

तारीख ठरवायला तीन कागद समोर हवेत: कॉलेजचं शैक्षणिक वेळापत्रक, भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर आणि सभागृहाचं बुकिंग रजिस्टर. तिसरा कागद ऑफिसात असतो आणि तो आधी बघायचा, कारण बाकीचे दोन्ही बदलत नाहीत पण रजिस्टर रोज भरत जातं.

वेळापत्रकात परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे लाल करा. अंतर्गत परीक्षा, प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्ट सबमिशन हे सगळं याच काळात येतं आणि ते छापील वेळापत्रकात असेलच असं नाही. विभागप्रमुखांना जाऊन विचारावं लागतं. सायन्सची तारीख विचारून आर्ट्स-कॉमर्सची गृहीत धरली तर निम्मा प्रेक्षक जातो.

मागच्या वर्षीची यादी तारखा बदलून पुन्हा वापरू नका. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये मधे अधिक महिना आल्याने ती १४ सप्टेंबरला गेली. गणपतीत कोकणात जाणारी मुलं चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघतात आणि गौरीविसर्जनानंतर परततात, तेव्हा चतुर्थीच्या आधी-नंतरचा मिळून आठवडा कुणाचंही नाव गृहीत धरू नका. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाच्या दिवशी तर गिरगाव, दादर, जुहू या भागांतल्या कॉलेजांपर्यंत पोहोचणंच अवघड. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनानिमित्त चैत्यभूमीवर राज्यभरातून लोक येतात. दादरमधलं सभागृह ५ ते ७ डिसेंबरला घेऊ नये.

आता ‘दिनविशेष’. मराठी मंडळांचा कल तारखेला धरून कार्यक्रम ठेवण्याकडे असतो आणि तिथेच गणित बिघडतं. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्या दिवशी मुंबईतली कॉलेजं, ग्रंथालयं, बँका, सरकारी कचेऱ्या सगळेच कवी शोधत असतात. चांगला पाहुणा हवा तर नोव्हेंबरमध्येच शब्द घ्या, नाहीतर कार्यक्रम २५ किंवा २६ला करा. भाषेची काही हरकत नसते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन २०२६ मध्ये नवरात्रात येतो आणि परीक्षा तोंडावर असते. हा दिवस वर्गातल्या लहान कार्यक्रमाचाच. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन दिवाळीच्या सुट्टीत किंवा परीक्षेत अडकतो. नाट्यमंडळाने तो कॉलेजात साजरा करण्याचा हट्ट सोडून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा डिसेंबरात प्रयोग लावावा. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, म्हणून हाही दिवस आता यादीत येतो. पण आदला दिवस गांधी जयंतीच्या सुट्टीचा. २०२६ मध्ये २ ऑक्टोबर शुक्रवार, ३ शनिवार, ४ रविवार. जोडून सुट्टी घेऊन अर्धं कॉलेज गायब असणार, त्यामुळे १ तारखेला करा. त्यामानाने १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा सोयीचा: पंधरा दिवसांतला कोणताही निवडता येतो.

फेस्टचाही हिशेब धरा. ऑगस्टमध्ये झेवियर्सचा मल्हार, डिसेंबरच्या उत्तरार्धात आयआयटीचा मूड इंडिगो. या दिवसांत तुमचेच व्हॉलंटिअर तिथे स्पर्धक असतात. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या विभागीय फेऱ्या पहिल्या सत्रात होतात. एकांकिका करणाऱ्या गटाचा तो महिना त्यातच जातो. त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाची जबाबदारी देऊ नका.

पावसाळ्यातल्या तारखेला आणखी एक चाळणी लावा. महापालिका पावसाळ्यातल्या साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी आधीच जाहीर करते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी पर्जन्यवाहिन्यांच्या तोंडापेक्षा वर जाते, पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि त्याच तासांत जोराचा पाऊस झाला तर हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही ठिकाणं तुंबतात. भरतीच्या वेळेआधी-नंतर दोन-दोन तास सोडून कार्यक्रम ठेवला तर लोकांना घरी जाता येतं. जुलै-ऑगस्टच्या मोठ्या कार्यक्रमाला राखीव तारीख त्याच वेळी रजिस्टरमध्ये लिहून घ्या, कारण सुट्टी जाहीर झाल्यावर सभागृहासाठी रांग लागते.

रविवार शक्यतो टाळा. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड किंवा ठाण्यापर्यंतचा आणि हार्बरवरचा मेगाब्लॉक साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात असतो, म्हणजे बरोबर तुमच्या कार्यक्रमाच्या वेळेत. मेन लाइनवर गाड्या उशिरा का होईना धावतात. हार्बरवर ब्लॉकच्या पट्ट्यात त्या बंदच असतात, आणि वाशी-पनवेलची मुलं येत नाहीत. ब्लॉकचं वेळापत्रक आठवड्याच्या शेवटी शेवटी कळतं, तोवर तुमची पत्रिका वाटून झालेली असते.

सगळ्यात भरवशाचे वार मंगळवार ते गुरुवार. वेळ साडेअकरा ते दीड, कारण बऱ्याच कॉलेजांत पदवीचे वर्ग सकाळी भरतात आणि मुलं त्या वेळी आवारातच असतात. दुपारी तीनला ठेवलेल्या कार्यक्रमासाठी दोन तास थांबणारे फक्त मित्रमंडळी. लांबवावाच लागला तर साडेचारला संपवा. विरार, कसारा, कर्जतला जाणाऱ्यांना साडेपाचनंतरची गर्दी नको असते, आणि ती मुलं आभारप्रदर्शनाची वाट न पाहता उठतात.

अर्ज

तारीख पक्की वाटली की अर्ज. मोठ्या कार्यक्रमाला चार आठवडे आधी, लहानाला दहा दिवस. प्राचार्यांच्या नावे, मंडळाच्या प्रभारी प्राध्यापकांच्या सहीने, दोन प्रतींत. दुसरीवर ऑफिसचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ‘सरांनी हो म्हटलंय’ हे शिपाई काकांना सभागृह उघडायला पुरत नाही आणि त्यांनी ते उघडू पण नये.

अर्जात कार्यक्रमाचं नाव, दिनांक आणि वार, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, सभागृह किती वाजल्यापासून हवं (कार्यक्रमाच्या तीन तास आधी मागा), अपेक्षित संख्या, पाहुण्याचं नाव, बाहेरून येणाऱ्यांची संख्या, लागणारी उपकरणं आणि अंदाजे खर्च एवढं असावं. बाहेरून मुलं येणार असतील तर गेटवर द्यायची यादी वेगळी. या यादीची एक प्रत आदल्या संध्याकाळी वॉचमन काकांच्या हातात स्वतः नेऊन द्या, कारण सकाळच्या पाळीला दुसरे असतात आणि ऑफिसकडून निरोप पोहोचेलच असं नाही.

आवारात मोकळ्या जागेत लाऊडस्पीकर लावायचा असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी लागते. अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, आणि निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबलची. आजूबाजूला सोसायट्या असतील तर तक्रार पोलिसांकडे आधी जाते, तुमच्याकडे नंतर. स्पीकरचं तोंड कॉलेजच्या इमारतीकडे वळवलं तर निम्मं भांडण मिटतं.

पोस्टर फक्त आवारात लावा. रस्त्यावरच्या खांबावर किंवा स्टेशनबाहेरच्या भिंतीवर चिकटवलेलं पोस्टर महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खाली येतं, आणि त्यावर कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरांत असतं.

पाहुणा

पहिला फोन मंडळाच्या सचिवाने करावा, दुसरा प्रभारी प्राध्यापकांनी. तिघा-चौघांनी एकाच माणसाला वेगवेगळे फोन करणं हा मंडळांचा जुना आजार. पहिल्याच फोनवर पाच गोष्टी सांगा: तारीख व वेळ, विषय, किती मिनिटं बोलायचं, समोर कोण असेल, आणि मानधन व प्रवासखर्च किती. मानधनाचा आकडा विचारायला पाहुण्याला लावू नये. बजेट दीड हजार असेल तर दीड हजार म्हणा. ‘आम्ही विद्यार्थी आहोत’ ही सबब न देता आकडा सांगितला तर बरेच जण त्यात येतात, आणि जे येत नाहीत ते तिथेच नाही म्हणतात, हेही सोयीचंच.

चाळीस मिनिटं बोलणं आणि वीस मिनिटं प्रश्न, हे माप वर्गांमधल्या वेळेत बसतं. पहिले तीन प्रश्न कुणी विचारायचे ते आधीच ठरवून ठेवा, कारण पहिला हात वर जायला फार वेळ लागतो. नंतर आपोआप जातात.

फोननंतर दोन दिवसांत निमंत्रणपत्र, कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी आठवण, आदल्या दिवशी रस्ता. रस्ता सांगताना स्टेशन, पूर्व की पश्चिम, कोणत्या गेटने आत यायचं आणि कुणाला फोन करायचा हे लिहा. बांद्रा आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही. उपनगरातल्या माणसाला हे माहीत असतं, पुण्याहून आलेल्याला नसतं. कॅब मंडळाच्या खर्चाने असेल तर ती विद्यार्थ्याच्या मोबाइलवरून बुक करा आणि बिल जपा. पाहुण्याने पैसे भरायचे आणि नंतर तुमच्याकडे मागायचे, ही वेळ आणू नका. ज्येष्ठ पाहुण्यासाठी सभागृह कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का ते आधी बघा. पाहुण्याचा परिचय त्यांच्याकडूनच आठ ओळींत मागवा. इंटरनेटवरून उचललेल्या परिचयात हमखास एखादं पुस्तक दुसऱ्याचं निघतं. शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक द्यायचं असेल तर त्यांचंच पुस्तक देऊ नका, म्हणजे झालं.

स्पर्धा घेताना मिनिटं मोजा

वक्तृत्व स्पर्धेला पाच अधिक एक मिनिट ठेवलं, तर प्रत्येक स्पर्धकामागे खरी सात मिनिटं जातात: नाव पुकारणं, मंचावर येणं, परीक्षकाने गुण लिहिणं. वीस स्पर्धक म्हणजे एकशेचाळीस मिनिटं, वर परीक्षकांचं मनोगत आणि निकाल अर्धा तास, उद्घाटन वीस मिनिटं. तीन तास दहा मिनिटं झाली. तीस नावं घेतली तर कार्यक्रम साडेचार तासांच्या जवळ जातो आणि शेवटच्या दहा जणांना रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलावं लागतं. नोंदणी वीसवर बंद करा, प्रतीक्षायादी पाच. काव्यवाचनाला तीन मिनिटं अधिक एक धरली तर तीस जण अडीच तासांत बसतात.

नियमपत्रक एका पानाचं असावं आणि त्यात भांडणाची ठिकाणं आधीच मिटवलेली असावीत: एका कॉलेजमधून किती जण, बोनाफाइड की ओळखपत्र, कागद बघून बोलता येईल का, पहिली घंटा कधी, दुसरी कधी, जास्त वेळ घेतल्यास किती गुण वजा, चिठ्ठ्या कधी टाकणार, उशिरा आलेल्याचा क्रम काय. घंटा वाजवणाऱ्याकडे मोबाइलचं स्टॉपवॉच द्या आणि मोबाइल विमान मोडवर ठेवायला सांगा.

गुणांची बेरीज करताना एक सापळा असतो. एक परीक्षक सगळ्यांना साठ ते पासष्टमध्ये ठेवतो, दुसरा पस्तीसपासून नव्वदपर्यंत जातो. नुसती बेरीज केली तर निकाल दुसऱ्या परीक्षकाचाच लागतो, पहिल्याच्या गुणांना वजनच राहत नाही. म्हणून प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून आधी क्रमांक काढा, मग क्रमांकांची बेरीज करा. सगळ्यात कमी बेरीज तो पहिला. बरोबरी झाली तर मूळ गुण बघा. बेरीज दोघांनी स्वतंत्र करावी आणि कागद निकालानंतर फाडू नयेत, कारण दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो.

नाटक, गाणी, सिनेमा

एकांकिका दुसऱ्याची असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. मानधन ठरलं असेल तर तेही पत्रात यावं. कॉलेजबाहेर जाहीर प्रयोग किंवा स्पर्धेत प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. बोलीभाषेत याला ‘सेन्सॉर’ म्हणतात, आणि स्पर्धांच्या प्रवेशअर्जात त्याचा क्रमांक मागितला जातो. हे प्रमाणपत्र आठवडाभरात मिळेल असं धरून चालू नका. तालमी सुरू करतानाच संहिता पाठवा. मंजूर झाल्यावर वाक्यं बदलायची सवय असलेल्या दिग्दर्शकाला हे आधी सांगून ठेवा.

आवारातल्या कार्यक्रमाला कायद्याची थोडी सवलत आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(जे) प्रमाणे शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांनी किंवा शिक्षकांनी केलेला प्रयोग, तसंच सिनेमा किंवा ध्वनिमुद्रण दाखवणं-ऐकवणं, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर उल्लंघन ठरत नाही. तिकीट लावलंत, बाहेरच्यांना बोलावलंत किंवा प्रायोजकाचा स्टॉल लावून उघडा फेस्ट केलात की ही सवलत गृहीत धरता येत नाही. तेव्हा संगीताचे परवाने विचारावे लागतात. सिनेमा घरच्या ओटीटी खात्यावरून दाखवू नका. त्या खात्याच्या अटी खासगी पाहण्यापुरत्या असतात, शिवाय कॉलेजचं वायफाय बरोबर मध्यंतराच्या आधी दम तोडतं.

तालमींची वेळ लेखी ठरवा. कॉलेज बंद व्हायच्या अर्धा तास आधी तालीम संपावी, हजेरी वहीत यावी, आणि उशीर होणार असेल तर मुलामुलींच्या घरी आधी कळावं.

सभागृह, वीज, आवाज

आठवडाभर आधी सभागृहात पंधरा मिनिटं जा आणि पाच गोष्टी बघा: प्लग कुठे आहेत, ते ६ अँपिअरचे की १६चे, प्रोजेक्टरची वायर कोणत्या प्रकारची आहे, माइक किती चालतात, एसीचा स्विच कुणाच्या ताब्यात आहे.

विजेचं गणित सोपं आहे आणि तरी दर वर्षी कुणीतरी एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) उडवतं. २३० व्होल्टवर ६ अँपिअरच्या लहान प्लगमधून जास्तीत जास्त सुमारे १,३८० वॉट घेता येतात, म्हणजे मंचावरचा हजार वॉटचा एकच दिवा (पारलाइट). १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगवर सुमारे ३,६८० वॉट, म्हणजे तीन. एका एक्स्टेन्शन बोर्डावर चार लाइट, चहाची इलेक्ट्रिक किटली आणि अॅम्प्लिफायर लावला की वायर गरम होते, मग बोर्ड वितळतो किंवा अंधार होतो. लाइट आणि ध्वनी वेगवेगळ्या सर्किटवर घ्या, नाहीतर प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर फिरवला की स्पीकरमध्ये गुणगुण येते. कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनना आदल्या दिवशी दाखवून घ्या. सर्किट कुठून कुठे जातं ते त्यांनाच माहीत असतं.

माइक शिट्टी मारतो तेव्हा आवाज कमी करण्याआधी माइक कुठे आहे ते बघा. तो स्पीकरच्या समोर आला की त्याचाच आवाज फिरून त्यात शिरतो. स्पीकर वक्त्याच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवले की प्रश्न मिटतो. दोन कॉर्डलेस असतील तरी एक वायरचा माइक मंचावर असू द्या. कॉर्डलेसचे सेल कार्यक्रमापुरते नवे घाला आणि एक जोड खिशात ठेवा. आदल्या कार्यक्रमाचे ‘अजून चालतायत’ म्हणून ठेवलेले सेल बरोबर पाहुण्यांच्या भाषणात संपतात. लॅपटॉप स्पीकरला जोडल्यावर घर्र असा आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तेवढ्याने जातो. गाणी ब्लूटूथवर नकोत, वायरने लावा, नाहीतर राष्ट्रगीताच्या मध्येच कुणाच्या तरी आईचा फोन येतो.

मराठी सादरीकरणाचं वेगळं दुखणं फॉन्टचं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर चिन्हांचा कचरा दाखवते. पाहुण्यांकडून फाइल आदल्या दिवशी मागवा, पीडीएफ करून घ्या आणि सभागृहातल्याच संगणकावर उघडून बघा. व्हिडिओ स्लाइडमधला न चालल्यास सुटा हाताशी ठेवा.

सजावटीला थर्माकोल वापरू नका; २०१८च्या बंदीनंतर त्याची अक्षरं, ताटल्या, मखरं सगळंच अडचणीचं. पुठ्ठा, कापड आणि फुलं पुरतात. कापड मंगलदास मार्केटमधून, कागद आणि किरकोळ सामान अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून, फुलं दादर पश्चिमेच्या फूलबाजारातून, तेही भल्या सकाळी. सणाच्या आदल्या दिवशी भाव बघूनच ऑर्डर द्या.

नोटीस

नोटिशीत वार, तारीख, वेळ, सभागृहाचं नाव आणि मजला, कोण येऊ शकतं, ओळखपत्र लागेल का, एवढं एका दृष्टीत दिसायला हवं. सुभाषित, लोगो आणि कार्यकारिणीची नावं खाली जाऊ द्यात. ए-३ पोस्टर छापायला देताना चारही बाजूंना तीन मिलिमीटर जास्तीची जागा सोडा. नाहीतर कापताना कडेची वेळ अर्धी जाते.

व्हॉट्सअॅपवर निरोप तीनदा: सात दिवस आधी, दोन दिवस आधी, त्या दिवशी सकाळी आठच्या आत, म्हणजे मुलं लोकलमध्ये असताना. रोज पाठवला तर ग्रुप म्यूट होतो. गूगल फॉर्म भरणाऱ्यांपैकी फुकट कार्यक्रमाला निम्मे येतील असं धरून खुर्च्या लावा. दोनशेच्या सभागृहात ऐंशी जण बसले तर ते रिकामं दिसतं. मागच्या रांगा दोरीने बंद करा, लोक पुढे बसतात. वर्गात जाऊन दोन मिनिटं बोलणं अजूनही पोस्टरपेक्षा जास्त माणसं आणतं, पण शिकवणाऱ्या सर-मॅडमना आधी विचारून.

चहापाणी

वीस लिटरच्या पाण्याच्या एका जारमध्ये दोनशे मिलिलिटरचे शंभर पेले होतात. शंभर जणांच्या अडीच तासांच्या कार्यक्रमाला दोन जार. कटिंग चहा ऐंशी-नव्वद मिलिलिटरचा, म्हणजे शंभर जणांना नऊ लिटर. वडापाव किंवा समोसा माणशी एक आणि वर दहा टक्के. कँटीनला ऑर्डर तीन दिवस आधी आणि वेळ लेखी. खाणं कार्यक्रमानंतर वाटा. मधल्या सुट्टीत दिलं तर पोट भरलेला प्रेक्षक परत सभागृहात येत नाही.

पैसे आणि फाइल

मंडळाचा पैसा कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, ‘आत्तापुरता’ म्हणूनसुद्धा नाही. स्पर्धेची फी, प्रायोजकाची रक्कम, सगळं कॉलेजच्या खात्यात, पावतीवर. प्रायोजकाशी काय ठरलं (बॅनर किती, लोगो कुठे, स्टॉल आहे का) ते एका पत्रात दोन्हीकडच्या सहीने असावं. पैसे कार्यक्रमाआधी यावेत. नंतर देतो म्हणणाऱ्याचा लोगो पोस्टरवरून काढता येत नाही.

ऑफिसमधून उचल घेताना किती दिवसांत हिशेब द्यायचा ते विचारा. बिल कॉलेजच्या नावे, तारखेसह. बिल न देणाऱ्याकडून, म्हणजे टेम्पोवाल्याकडून किंवा फुलवाल्याकडून, व्हाउचरवर सही घ्या. पाच हजारांहून जास्त रोख मानधन दिलं तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही. स्टॅम्प पोस्टात मिळतात आणि ज्या दिवशी लागतात त्या दिवशी पोस्ट बंद असतं, म्हणून दहा आणून ठेवा. अंदाजपत्रकात दहा टक्के ‘इतर’ ठेवा आणि ते कशावर गेले तेही लिहा.

प्रमाणपत्रांसाठी नावं देवनागरीत, स्पर्धकाने स्वतः फॉर्मवर टाइप केलेली घ्या. हाताने लिहिलेल्या यादीवरून ‘श्रुती’ची ‘स्मृती’ होते आणि ते पुन्हा छापावं लागतं. रिकाम्या पाच प्रती सहीसकट ठेवा, पण त्या प्रभारी प्राध्यापकांच्या कपाटात.

सगळं झाल्यावर तीन दिवसांच्या आत एक फाइल पूर्ण करा: अर्जाची शिक्क्याची प्रत, हजेरीचे कागद, चार फोटो, अर्ध्या पानाचा अहवाल, हिशेब, पाहुण्याला पाठवलेलं आभारपत्र आणि सभागृहाच्या प्लगचा नकाशा. मूल्यांकनाच्या वेळी कॉलेजला ही फाइल लागते, आणि टीवायची (तिसऱ्या वर्षाची) मुलं एप्रिलमध्ये निघून गेल्यावर नव्या सचिवाला फक्त तीच सापडते. मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड, फॉर्मची मालकी आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद मार्चच्या आधी नव्या कार्यकारिणीकडे द्या. परीक्षा संपल्यावर जुने सचिव फोन उचलत नाहीत, आणि जुलैत सभागृहाचं रजिस्टर पुन्हा भरायला लागलेलं असतं.